दिवाळसणाचा स्वेटर

आमच्या घरात स्वेटर बाबा विणत, आणि गावाला माहीत होतं की ते आई विणते. सौंसरला मुलांच्या शाळेत बाबा गणित शिकवत. उंच, हडकुळे, जाड भिंगांचा चष्मा, आणि व्हरांड्यातून त्यांचं खाकरणं ऐकू आलं की शेजारचे वर्गसुद्धा गप्प बसत. असा हा माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन, दिवा लागला की आतल्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसे आणि हातात सुया घेई. समोरचं दार तेव्हा आतून लावलेलं असे. कडी वाजली की विणकाम उशीखाली जाई आणि गृहपाठाच्या वह्यांची चळत मांडीवर येई. हे इतकं सवयीचं झालं होतं की कडी वाजल्यावर कोणी कोणाला काही सांगत नसे. ताई लोकरीचा गुंडा पलंगाखाली ढकले, मी दार उघडायला जरा हळू चालत जाई, आणि आई स्वयंपाकघरातून पदर सावरत बाहेर येई.

विणायला ते शिकले छातीच्या दवाखान्यात. लग्नाआधी त्यांना क्षय झाला होता आणि नागपूरला कितीतरी महिने खाटेवर पडून राहावं लागलं होतं. तिथल्या एका नर्सबाईंनी त्यांच्या हातात सुया दिल्या. हात गुंतलेले असले की रोगी उठून फिरत नाही, एवढाच त्या बाईंचा हेतू. बाबा बरे झाले, पण सुया सुटल्या नाहीत. ताई पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा तिच्या अंगात बाबांनी विणलेला पिवळा स्वेटर होता. शाळेतल्या बाईंनी आईला विचारलं, "कोणी विणला हो इतका छान?" आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "मीच." घरी येऊन तिनं हे बाबांना सांगितलं. त्या काळी आमच्या गावात पुरुष शिवणकाम करी ते दुकानात, मशीनवर, पोटासाठी. घरात बसून मुलींसाठी लोकर विणणारा मास्तर हे कोणाच्या डोक्यात बसलं नसतं. मग आईचं ते 'मीच' तसंच राहिलं आणि वर्षानुवर्षं वाढत गेलं.

आईला विणकामातला एक टाका येत नव्हता. तिचं सगळं कसब चुलीजवळ. दिवाळीच्या आधी आमचं घर तळणाच्या वासानं भरून जाई. अनारसे, करंज्या, चकल्या, आणि थंडीची चाहूल लागली की पुडाची सांबारवडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आठवडी बाजारातून आई त्याच्या जुड्या आणी आणि मी त्या निवडत बसे. कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की पहिली वडी कढईत पडायची. आणि अशा ऐन कामात कोणी तरी शेजारीण येऊन म्हणायची, "वहिनी, तो वेणीचा टाका दाखवून द्या ना." आई हात न थांबवता सांगायची, "आमच्या माहेरचा आहे तो. बाहेर नाही दाखवत आम्ही." बायका तोंड वाकडं करून जात. मास्तरीणबाईला भारी गर्व, विद्या लपवून ठेवते, असं तिचं नाव झालं होतं. तिच्या कानावर ते येई. ती कढईतल्या वड्या उलटत राही.

बाबांचे स्वेटर पाडव्याच्या सकाळी मिळत. अभ्यंगस्नान झालं की आम्ही ओल्या केसांनी पाटावर बसायचो आणि बाबा आतून घडी आणायचे. रंग बरेचदा जे स्वस्तात मिळे ते, कधी एका स्वेटराच्या बाह्या एका रंगाच्या आणि पोट दुसऱ्या. पण प्रत्येकात त्या-त्या माणसाचा विचार असायचा. मला चिंचा लपवायची सवय, म्हणून माझ्या स्वेटरला आतून एक खिसा. ताई थंडीत हात बाहीत ओढून घेई, म्हणून तिच्या बाह्या बोटांपर्यंत. आईचा स्वेटर बिनबाह्यांचा, कारण चुलीपाशी बाही पेटली तर काय, ही बाबांची कायमची धास्ती. आज माझी नात दिवाळीला मला विचारते, "आजी, तुला काय मागवू?" आणि मी नाव सांगायच्या आत तिच्या फोनवर ते मागवून होतं. मला ते आवडतं. तिचं प्रेम त्यात असतंच. पण कोणी न विचारता आपल्याला आतला खिसा शिवून दिलेला असतो, त्याची गोष्ट वेगळी.

ताईचं लग्न पांढुर्ण्याला झालं. संत्र्याच्या व्यापारातलं घर. सासरे लवकर वारले होते आणि व्यवहार सगळा सासूबाई पाहत. आमच्याकडे व्याहीणबाईंना इहीन म्हणतात, तर या आमच्या इहीनबाई. बुटक्या, रुंद, डोक्यावर भला मोठा अंबाडा, अंगावर कायम तपकिरी नाहीतर करडं लुगडं. बगीच्यातली झाडावरची फळं पाहून त्या बहाराचा अंदाज सांगत आणि भलेभले दलाल त्यांच्यापुढे मान खाली घालत. मुलगा, म्हणजे आमचे भाऊजी वसंतराव, आईच्या अगदी उलटे. तोंडातून शब्द निघाला तर निघाला. लग्नाला चार महिने झाले तरी ते आमच्या घरी 'हो', 'नाही' आणि 'पुरे' एवढंच बोलले होते. आई काळजीत असे. "मंदा, बोलते का वं ते तुह्याशी तरी?" असं तिनं ताईला विचारलं होतं. ताई हसून म्हणाली होती, "बोलते ना. पण विचारावं लागते."

पहिली दिवाळी आली. दिवाळसण म्हणजे जावयाला काहीतरी मोलाचं द्यायचं. आईनं सफारीचं कापड नागपूरहून आणवलं होतं आणि त्यावर अंगठी द्यावी असं तिच्या मनात होतं. बाबा म्हणाले, "मी स्वेटर विणतो." आई थक्क झाली. "त्या घरी स्वेटर? लोक काय म्हणतीन? मंदेले ऐकावं लागन ना." बाबा म्हणाले, "अंगठी कोणीही देते. वसंतराव पहाटे उघड्या ट्रकात मंडईत जाते, मंदानं सांगतलं मले. त्याले थंडी वाजत असन." आईचा चेहरा उतरला. नंतर ती मला म्हणाली, "तुह्या बापाले कसं समजावू? तिथे देणं-घेणं पाहतात."

लग्नात हार घालतानाच बाबांनी जावयाचे खांदे डोळ्यांनी मोजून ठेवले असावेत. राखाडी लोकर आली. लडी माझ्या दोन्ही हातांवर ताणून ते समोर बसून गुंडा करत, आणि मी कंटाळून हात खाली केले की नुसते भुवया वर करत. पुढून दोन वेण्या, गळा बंद, आत कुठे गाठ दिसू द्यायची नाही. एकदा छातीपर्यंत आलेलं सगळं त्यांनी उसवलं, कारण खाली कुठेतरी एक टाका उलटा पडला होता. मी म्हणाले, "कोणाला दिसतो तो, बाबा?" ते म्हणाले, "मले दिसून राहिला ना." सुयांचा तो टिकटिक आवाज त्या वर्षी नवरात्रापासून चालू होता. घरातलं घड्याळ बंद पडलं असतं तरी कळलं नसतं.

पाडव्याला वसंतराव आले आणि त्यांच्याबरोबर इहीनबाईही आल्या. दिवाळसणाला जावयाची आई सहसा येत नाही, पण त्यांना मोहगावला एक बगीचा पाहायचा होता आणि वाट आमच्याच दारावरून जात होती. आईची तारांबळ उडाली. घरात रांगोळी, पुरणाचा वास, ताई लाल लुगड्यात इकडून तिकडे. ओवाळणं झालं. बाबांनी आतून ताट आणलं, त्यावर सफारीचं कापड आणि कापडावर स्वेटरची घडी. वसंतरावांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं, मान लववली.

इहीनबाईंनी मात्र हात पुढे करून स्वेटर उचलला. फळ पारखावं तसा त्यांनी तो उलटसुलट केला. बाही ताणून पाहिली, मग सगळा आतून बाहेर काढला आणि शिवण उजेडाकडे धरली.

"आत गाठ नाही दिसून राहिली," त्या आईकडे पाहून म्हणाल्या. "हात चांगला आहे तुमचा, इहीनबाई."

"कुठचं काय," आई म्हणाली.

"हे येणी कशी टाकली? आमच्या पांढुर्ण्यात कोनाले येत नाही. दाखवा बरं मले."

आईनं ठेवणीतलं उत्तर दिलं. "आमच्या माहेरचा टाका आहे तो. बाहेर नाही दाखवत आम्ही."

"मंग मी का बाहेरची आहो?" इहीनबाई म्हणाल्या. "पोरगी देली तुमी मले. तिच्यापेक्षा का टाका मोठा झाला?"

ताई खांबाला टेकून उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. इहीनबाईंनी मला फर्मावलं, "जाय वं पोरी, सुया घेऊन ये आईच्या." मी बाबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मी आत जाऊन सुया आणि उरलेली लोकर आणली, कारण नाही कशी म्हणणार? आईनं सुया हातात घेतल्या. पोळी लाटताना जे हात कधी अडखळत नसत ते आता सुया कशा धरायच्या ते शोधत होते. तिनं लोकर सुईभोवती गुंडाळली, दुसरी सुई कुठून तरी घातली, आणि सगळं निसटून तिच्या मांडीवर पडलं.

इहीनबाई बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाले येत नाही हे."

आईची मान खाली.

"मंग बजारातून आणला अन् घरचा म्हून सांगतलं का? असं कायले कराव? बजारचा असता तरी आमी का वापस केला असता? पण खोटं नाही चालत बापा माह्या घरी."

आजही ती खोली डोळ्यांपुढे येते तेव्हा मला आईचे ते दोन रिकामे हात दिसतात. इतकी वर्षं बायकांची बोलणी ऐकून घेतली तेव्हा ती हसतमुख होती. त्या क्षणी मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आता ते ताईच्या अंगावर येणार होतं. खोटं बोलणाऱ्या आईची मुलगी म्हणून तिला त्या घरात नांदायचं होतं.

बाबा उठले. आईच्या शेजारी येऊन सतरंजीवर मांडी घालून बसले आणि तिच्या मांडीवरच्या सुया उचलल्या. "बजारचा नाही," ते म्हणाले. "मी विणला. या घरातले सगळेच मी विणतो. तिनं माह्यासाठी खोटं सांगतलं, तिले बोलू नका." आणि त्यांनी टाके घातले. भरभर, नेहमीसारखे, सुलट-उलट, सुलट-उलट. मग मधले टाके तिसऱ्या सुईवर घेऊन पुढून वळवले आणि वेणीचा पहिला पीळ इहीनबाईंसमोर धरला. वर्गात गणित सोडवून झाल्यावर फळ्यापासून बाजूला व्हावं, तसे.

इहीनबाई हसल्या. पोट धरून हसल्या. "मास्तर, तुमी? अन् गावात तुमच्या छडीले भेतात म्हनते पोट्टे! बाईमानसासारखे सुया घेऊन बसता? आता पांढुर्ण्यात नका सांगू हे कोनाले. म्हनतीन, वसंताचा सासरा विणते अन् सासू का हजामत करते?" त्यांच्या हसण्यात विष नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा ते आमच्या अंगावर चटका बसल्यासारखं बसत होतं. बाबांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी सुया खाली ठेवल्या नाहीत.

तेवढ्यात वसंतराव उठले. त्यांनी आपल्या आईच्या हातातून स्वेटर घेतला, उलटा होता तो नीट सुलटा केला, आणि झब्ब्यावरून डोक्यातून घातला. खांद्यावर तो असा बसला की जणू अंगावरच विणला होता. ते परत पाटावर बसले आणि ताटाकडे पाहत म्हणाले, "वाढा."

दिवाळीला आमच्याकडे थंडी पहाटेपुरती असते. दुपारी ऊन चांगलं तापतं, आणि त्यात चुलीची धग. पहिल्या पुरणपोळीला वसंतरावांच्या कपाळावर घाम आला. दुसरीला तो कानशिलावरून ओघळला. कढीची वाटी तोंडाला लावली तेव्हा हनुवटीवरून थेंब पडत होते. आई पंख्यानं वारा घालायला लागली. इहीनबाई म्हणाल्या, "काढ तो बापा, उबून मरशीन."

"राहू दे," वसंतराव म्हणाले.

"अरे, घाम तर पाह्य किती."

"राहू दे म्हटलं ना."

आपल्या आईला उलट बोलताना त्यांना कधी कोणी ऐकलं नव्हतं. ताईनं पाठ फिरवली आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत, कोण जाणे. बाबांच्या ताटातली पोळी तशीच होती. ते जावयाकडे बघत होते, आणि चष्म्याची भिंगं पुन्हा पुसायला आली होती.

जेवणं झाल्यावर वसंतराव म्हणाले, "बाबा, चला, पान खाऊन येऊ." पहिल्यांदाच त्यांनी बाबांना बाबा म्हटलं. मीही मागून गेले. चौकात पाडव्याची गर्दी, सगळे नव्या कपड्यांत, आणि भर उन्हात बंद गळ्याचा लोकरीचा स्वेटर घातलेला एक माणूस. लोक बघणारच. पानवाल्यानं विचारलं, "काय जावईबापू, बरं नाही वाटून राहिलं का?" वसंतराव म्हणाले, "बरं आहे. दिवाळसणाचा आहे. सासऱ्यानं विणला." पानवाल्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोनं विणला?" "मास्तरांनं," वसंतराव म्हणाले, आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "स्वतः. हातानं." चौकातल्या निम्म्या लोकांना ते ऐकू गेलं. उरलेल्यांना संध्याकाळपर्यंत कळलं.

मला भीती होती ती शाळेची. सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी फळ्यावर कोणीतरी लोकरीचा गुंडा आणि दोन सुया काढून ठेवल्या होत्या. ही गोष्ट त्या वर्गातल्या मुलांनी मोठेपणी मला कितीदा तरी सांगितली. बाबा आत आले, फळ्याकडे पाहिलं, खडू उचलला आणि म्हणाले, "सुई इतकी जाड नसते." त्यांनी सुई बारीक करून काढली, मग चित्र पुसलं आणि समीकरण लिहिलं. पुन्हा कोणी काढलं नाही. शेजारच्या काकू मात्र आईकडे येऊन रडल्या. "आमी तुमाले गर्विष्ठ म्हणून राहिलो होतो हो वहिनी. इतकी बोलणी खाल्ली तुमी!" आई म्हणाली, "बसल्या जागी नाव मिळत होतं विणकामाचं, मले काय वाईट?" आणि त्यांच्या हातावर चकली ठेवली. त्यानंतर काही दिवस बाबा आणि आई एकमेकांशी नव्यानं लग्न झाल्यासारखे वागत होते. बाबा आपणहून पाटावरचं सांबार निवडायला बसत, आणि आई 'तुमाले नाही येत ते' म्हणून त्यांना उठवत असे.

थंडी चांगली पडल्यावर एक दिवस वसंतराव पांढुर्ण्याहून बसनं आले. अंगात तोच राखाडी स्वेटर, आणि हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. बाबांनी सोडलं तर आत लोकर. मोरपंखी रंगाची, मऊ, आमच्या घरात कधी आली नव्हती इतकी चांगली.

"आईनं देली," वसंतराव म्हणाले. "तिले स्वेटर पायजे. म्हणाली, मास्तरांले सांगजो, गळा मोठा ठेवा. माहा अंबाडा जाला पायजे त्यातून."

आई पुटपुटली, "मोरपंखी? त्या तर..." आणि थांबली. विधवा बाईनं असा रंग घालायचा नाही, हे तिला म्हणायचं होतं. वसंतराव म्हणाले, "मीही तेच विचारलं. ते म्हणे, लुगड्याचा रंग लोकायचा, स्वेटर माहा आहे."

माप नव्हतं. इहीनबाईंचं माप डोळ्यांनी घेण्याइतकं बाबांनी कधी त्यांच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी ते मला घेऊन पांढुर्ण्याला गेले. ताईच्या सासरी अंगणात संत्र्यांचे ढीग पडले होते, माणसं पेट्या भरत होती, दलाल उभे होते, आणि मधोमध इहीनबाई हिशेब सांगत होत्या. आम्हाला पाहून त्या आत जातील असं बाबांना वाटलं. त्यांनी खिशातून टेप काढून माझ्या हातात दिली. "बेबी, तू घे माप. मी लिहितो," ते हळूच म्हणाले.

इहीनबाईंनी ते ऐकलं. त्यांनी अंगणातच पदर खोचला आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभ्या राहिल्या. पेट्या भरणारे हात थांबले. दलाल बघत राहिले.

"पोरीले कायले देता?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "विणणार तुमी, माप तुमीच घ्या. अन् लाजू नका मास्तर. माप चुकलं तर अंबाडा अडकन माहा, मंग तुमालेच या लागन सोडवाले."

अंगणभर हसू फुटलं. बाबाही हसले, मी पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून टेप घेतली, चष्मा वर केला आणि संत्र्यांच्या त्या ढिगांमधून वाट काढत पुढे गेले.